डब्यावर एचडीआर लिहिलंय, पडद्यावर कुठंय?

आपल्यातल्या किनवटकडच्या पोरांकडे एक फोटो हमखास असतो. इस्लापूरजवळच्या सहस्रकुंड धबधब्याचा. पैनगंगा काळ्या खडकावरून कोसळतेय, ऊन पडलंय, पण फोटोत फेस म्हणजे नुसता पांढरा डाग. फेस नीट यावा म्हणून कॅमेऱ्याचा उजेड कमी करावा, तर खडक डांबरासारखा काळा. गंमत म्हणजे तिथं उभं राहिलं की डोळ्यांना दोन्ही व्यवस्थित दिसतं!

सर्वांत उजळ आणि सर्वांत अंधाऱ्या जागेच्या उजेडाचं जे गुणोत्तर, त्याला डायनॅमिक रेंज म्हणतात. पडद्याचा उजेड ‘निट’मध्ये मोजतात. एक निट म्हणजे दर चौरस मीटरला एक कँडेला. भर उन्हातला पांढरा कागद सुमारे 25 हजार निटचा. आणि टीव्हीचा नेहमीचा कार्यक्रम स्टुडिओत तयार होतो तेव्हा पांढऱ्यात पांढरा धरतात फक्त 100 निट!

हा आकडा पिक्चर ट्यूबच्या जमान्यातला. ट्यूबवर जास्त जोर दिला की इलेक्ट्रॉनचा ठिपका पसरतो आणि चित्र भुरकट होतं. मराठवाड्याला ट्यूब काही परकी नाही. तेव्हाच्या औरंगाबादजवळ, चितेगावला व्हिडिओकॉनचा कारखाना होता. याच कंपनीने 2005 मध्ये फ्रान्सच्या थॉमसनचा पिक्चर ट्यूबचा धंदा विकत घेतला, नेमकं जग ट्यूब सोडायला निघालं तेव्हा. पुढे 2018 मध्ये कंपनीवर दिवाळखोरीची कारवाई सुरू झाली. असो. ट्यूब गेली, पण 100 निटचा हिशेब मागे राहिला.

आता तुम्ही म्हणाल, त्यात काय, ब्राइटनेस वाढवा की! इथंच खरी मेख आहे. जुन्या पद्धतीत 8 बिट, म्हणजे 256 पायऱ्या. त्यातल्याही प्रसारणात चित्रासाठी 16 ते 235 एवढ्याच वापरतात. हा छोटा जिना 1000 निटपर्यंत ताणला तर पायऱ्या डोळ्यांना दिसायला लागतात आणि संध्याकाळच्या आभाळात पट्टे उमटतात.

शिवाय आपला डोळा फरक मोजत नाही, प्रमाण मोजतो. अंधाऱ्या खोलीत एका पणतीशेजारी दुसरी लावली तर लगेच कळतं. लग्नाच्या मांडवात शंभर दिव्यांत एक वाढला तर कोणाच्या बापाला कळणार? हेच धरून डॉल्बीच्या लोकांनी नवा जिना बांधला. त्याचं नाव पीक्यू. 2014 मध्ये एसएमपीटीई या संस्थेने त्याचं मानक काढलं. तो थेट 10 हजार निटपर्यंत जातो. 10 बिटच्या 1024 पायऱ्यांपैकी जवळपास निम्म्या 100 निटच्या खालीच खर्च केल्यात, कारण डोळा तिथंच चोखंदळ असतो. मला तरी ही वाटणी फार आवडली. (थेट प्रक्षेपणासाठी बीबीसी आणि जपानच्या एनएचकेने एचएलजी नावाची वेगळी पद्धत काढली. 2016 मध्ये दोन्ही एकाच आंतरराष्ट्रीय शिफारशीत आल्या.)

आता काकांची गोष्ट. माझे काका गोकुंद्याला राहतात. कापसाचे पैसे आले तसा त्यांनी नवा टीव्ही घेतला. डब्यावर मोठ्या अक्षरात एचडीआर. मी सुटीत गेलो तर काका वैतागलेले. “अरे, रातचा सीन आला की कायबी दिसनालंय बग. जुना डब्बा बरा होता की!” दुकानदाराने सांगितलं, पिक्चरच तसा आहे.

काका चूक नव्हते. जुना सिग्नल टक्केवारीत बोलतो. ‘पांढरा म्हणजे 100 टक्के’, एवढंच. मग टीव्ही आपली सगळी ताकद लावतो. काकांच्या टीव्हीची ताकद, माहितीपत्रकाप्रमाणे, 250 निट. म्हणजे स्टुडिओत 40 निटला ठेवलेला चेहरा घरी ढोबळमानाने 100 निटला दिसतो. पीक्यू टक्केवारीत बोलत नाही, थेट निट सांगतो. चेहरा 40 म्हणजे 40च. वर पुन्हा सिनेमात कुठं 1000 निटची ठिणगी असेल तर तिला 250 मध्ये बसवायचं. मग टीव्ही वरचा भाग दाबतो, आणि जागा करायला कधी चेहराही खाली ढकलतो. याला टोन मॅपिंग म्हणतात. हा सगळा हिशेब अंधाऱ्या खोलीचा, आणि काका बघतात दार-खिडक्या उघड्या टाकून!

मी वीज वाचवायचा मोड बंद केला, टोन मॅपिंगचा पर्याय चालू केला. थोडा फरक पडला. पण 250 चे 1000 कोणी करून देत नाही.

म्हणजे डब्यावरच्या एचडीआरचा अर्थ बऱ्याचदा एवढाच, की टीव्हीला तो सिग्नल वाचता येतो. दाखवता येतो का, हा वेगळा प्रश्न. साध्या एलसीडीत सगळ्या पडद्यामागे एकच दिवा असल्यासारखं असतं. ठिणगीसाठी तो वाढवला की शेजारचा काळोख करडा होतो. म्हणून मागच्या दिव्यांचे वेगवेगळे भाग कमीजास्त करता यायला हवेत, त्याला लोकल डिमिंग म्हणतात. ओएलईडीत तर प्रत्येक पिक्सेल स्वतंत्र विझतो. किंमतही तशीच!

मोबाइलमधल्या एचडीआर फोटोशी मात्र याची गल्लत करू नका. तिथं सहसा कमीजास्त उजेडाचे फोटो जोडून एक करतात. पडदा साधा असला तरी चालतं.

हॉस्टेलवर मॉनिटर घेणाऱ्यांसाठी: व्हेसा या संस्थेने 2017 च्या डिसेंबरात डिस्प्लेएचडीआर 400, 600, 1000 अशा पातळ्या काढल्या. आकडा म्हणजे जास्तीत जास्त निट. माझ्या मते 400 वाल्यासाठी जादा पैसे मोजू नयेत. घरी टीव्ही घ्यायचा असेल तर नांदेडच्या दुकानात दोनच गोष्टी विचारा: निट किती आणि लोकल डिमिंगचे झोन किती. आणि दुकानातला मधाच्या थेंबांचा, रोषणाईचा डेमो बघू नका. स्वतःच्या पेन ड्राइव्हवर एखादा एचडीआरमधला रात्रीचा सीन न्या, तो लावायला सांगा आणि दुकानातले दोन-चार दिवे बंद करायला लावा.