वीस डॉलरची रायफल

महायुद्ध संपले की सैन्याची शस्त्रे भंगाराच्या भावाने बाजारात येतात. इटलीने १८९१ मध्ये स्वीकारलेली कार्कानो रायफल याच वाटेने अमेरिकेत पोचली. मार्च १९६३ मध्ये ऑस्वाल्डने ती दुर्बिणीसह १९.९५ डॉलरला टपालाने मागविली. २२ नोव्हेंबरला तिच्याच गोळ्यांनी केनेडींचा बळी घेतला, असा वॉरन आयोगाचा निष्कर्ष आहे. अशी टपालविक्री १९६८ च्या कायद्याने बंद झाली. संग्राहकांचा छंद मात्र टिकला. या रायफली तेथे आजही हौसेने झाडल्या जातात.

आपल्या १९५९ च्या कायद्यानुसार जुनी बंदूक विनापरवाना बाळगायची तर ती दुरुस्तीनंतरही झाडता येण्याजोगी नसावी. परवान्यावरील शस्त्रांची मर्यादाही २०१९ मध्ये तीनवरून दोनवर आली. हे उचितच! परंतु हाच कायदा पीकरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीची सोय ठेवतो. अमळनेरकडील शेतकऱ्याच्या मक्यात रानडुकरे शिरली, तर त्याला हा परवाना हवा, शिवाय डुक्कर मारण्यास वनखात्याची अनुमती निराळी. छंदावरील निर्बंध कडकच असावेत. या दोन अर्जांचा निकाल मात्र पीक उभे असेतो लागला पाहिजे.