हौदापासून आडनावापर्यंत

१९३४ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर तीसेक सहकाऱ्यांना घेऊन दौलताबादचा किल्ला पाहायला आले. प्रवासात सगळे धुळीने माखले होते. किल्ल्याच्या दाराशी पाण्याने भरलेला हौद दिसला, तिथे त्यांनी हातपाय धुतले. लगेच आरडाओरडा झाला, पाणी बाटवलं म्हणून जमाव अंगावर आला. अखेर आत कुठेही पाण्याला हात लावायचा नाही या अटीवर किल्ला पाहू दिला आणि नजर ठेवायला हत्यारी शिपाई सोबत दिला. बाबासाहेबांनी हा प्रसंग ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’त लिहून ठेवला आहे. त्या वेळी त्यांच्याकडे कोलंबिया आणि लंडनच्या पदव्या होत्या.

सोळा वर्षांनी, जून १९५० मध्ये, दौलताबादजवळच्याच औरंगाबाद शहरात त्यांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटीचं महाविद्यालय सुरू केलं. ते पुढे मिलिंद महाविद्यालय झालं. मराठवाड्यातल्या खेड्यांतून, पुढे विदर्भातूनही मुलं महाविद्यालयाच्या नागसेनवन परिसरात येऊ लागली. घरात शिकणारी पहिलीच पिढी. वसतिगृहात राहायची, वाचायची आणि लवकरच लिहायचीही. डॉ. गंगाधर पानतावण्यांच्या ‘अस्मितादर्श’ या नियतकालिकाने या लिहिणाऱ्यांना हक्काची जागा दिली. दलित साहित्याचा इतिहास नागसेनवन वगळून लिहिताच येणार नाही.

आणि या प्रदेशाने ज्याची खरी झळ सोसली ते नामांतर. २७ जुलै १९७८ रोजी मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्याचा ठराव विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी मंजूर केला आणि मराठवाडा पेटला. नांदेड, परभणीकडच्या खेड्यांत दलितांची घरं जाळली गेली. पोचिराम कांबळे यांना जिवंत जाळलं. ज्यांनी विद्यापीठाची पायरी कधी पाहिली नव्हती, त्यांनी विद्यापीठाच्या नावाची किंमत मोजली. पुढच्या वर्षी जोगेंद्र कवाडे यांच्या नेतृत्वाखाली नामांतरासाठी नागपूरहून लाँग मार्च निघाला. २५ नोव्हेंबर १९९३ रोजी गौतम वाघमारे यांनी त्याच मागणीसाठी नांदेडमध्ये आत्मदहन केलं. अखेर १४ जानेवारी १९९४ ला नामविस्तार झाला. ठरावापासून साडेपंधरा वर्षांनी.

घरं जाळणाऱ्यांविषयी वेगळं काय लिहायचं? मला विचार करावासा वाटतो तो शहरातल्या सुशिक्षित विरोधकांचा. त्यांतले कित्येक हैदराबाद मुक्तिसंग्रामात तुरुंग भोगलेले होते. आमचा विरोध बाबासाहेबांना नाही, मराठवाड्याची अस्मिता पुसली जाऊ नये एवढंच आमचं म्हणणं आहे, असं ते सांगत. मनापासून सांगत, असंच मी धरून चालतो. पण या अस्मितेत गावकुसाबाहेरचा मराठवाडा कुठे होता? आपल्या प्रदेशाला पदवीपर्यंत नेणाऱ्या माणसाचं नाव त्याच प्रदेशाला परकं का वाटावं? मनात द्वेष नसतानाही ‘आपण’ म्हणताना काही माणसं मोजायची राहून जातात. नकळत केलेला भेदभाव तो हाच, आणि चांगल्या माणसांच्या हातूनही तो घडतो.

पुढे तो मोजताही आला. मोजणाऱ्यांपैकी एक मिलिंदचेच माजी विद्यार्थी, अर्थतज्ज्ञ डॉ. सुखदेव थोरात. त्यांनी आणि पॉल अॅटवेल यांनी २००७ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. वर्तमानपत्रांतल्या खासगी नोकऱ्यांच्या जाहिरातींना सारख्याच पात्रतेचे अर्ज पाठवले, फरक होता तो फक्त नावांत. सवर्ण हिंदू नावाच्या तुलनेत दलित नावाला पुढचं बोलावणं येण्याची शक्यता सुमारे दोन तृतीयांश निघाली, मुस्लिम नावाला तर जेमतेम एक तृतीयांश. त्याआधी तीन वर्षं, अमेरिकेत शिकागो आणि बोस्टनमध्ये झालेल्या अशाच प्रयोगाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले होते. तिथेही गोऱ्या वाटणाऱ्या नावांना काळ्या वाटणाऱ्या नावांपेक्षा सुमारे दीडपट बोलावणी आली. तिकडे वर्ण, इकडे जात आणि धर्म. अर्ज बाजूला सारणाऱ्या हाताला मात्र दोन्हीकडे आपण काही वावगं केलं असं वाटलं नसणार.

दौलताबादला जमाव ओरडला, म्हणून अपमान निदान दिसला. न आलेल्या बोलावण्याची तक्रार कुठे करायची? भाड्याची खोली बघायला गेल्यावर ‘पूर्ण नाव काय?’ विचारतात आणि मग खोली कालच गेल्याचं कळतं. याचा पुरावा कुठून आणायचा? राज्य मंत्रिमंडळाने डिसेंबर २०२० मध्ये वस्त्यांची जातिवाचक नावं बदलण्याचा निर्णय घेतला. तो योग्यच होता. पण पाटी सरकार बदलू शकतं, निवड समितीतली नजर त्या समितीनेच तपासायला हवी.

औरंगाबादजवळच्या वाळूज, शेंद्र्याच्या कारखान्यांना, शहरातल्या शिक्षणसंस्थांना आणि रुग्णालयांना म्हणूनच माझी विनंती आहे. पहिल्या छाननीत अर्जावरचं आडनाव झाका. कोणाला बोलावलं, कोणाला नाही, याचा हिशेब दरवर्षी आपणहून जाहीर करा. १४ जानेवारीला विद्यापीठाच्या गेटसमोर हजारो लोक जमतात. यंदा त्या दिवशी तुम्हीही जा आणि तिथल्या चार तरुणांना विचारा, नोकरीच्या मुलाखतीत पहिला प्रश्न कोणता आला होता.