औलू : गोठणाऱ्या समुद्राकाठचे शहर

फिनलंडच्या पश्चिम किनाऱ्यावर, बॉथनियाच्या आखाताच्या उत्तर टोकाकडे, औलुयोकी नदीच्या मुखाशी औलू वसले आहे. अक्षांश सुमारे ६५ अंश उत्तर. आर्क्टिक वृत्त येथून आणखी पावणेदोनशे किलोमीटरवर. लोकसंख्या दोन लाखांहून थोडी अधिक, आणि एवढ्यावरही ते देशातल्या पहिल्या पाच-सहा शहरांत मोडते. हेलसिंकीहून रोव्हानिएमीला सांताक्लॉज आणि ध्रुवीय प्रकाश पाहायला निघालेल्या प्रवाशांची रात्रीची गाडी येथे थांबते. उतरणारे त्यांत थोडेच. त्याचे कारणही उघड आहे. औलूत छायाचित्रापुरते पाहण्यासारखे फार नाही. उत्तरेकडचे एक नांदते शहर थंडीशी जुळवून कसे राहते, हे मात्र येथे चांगले दिसते.

शहराची स्थापना १६०५ साली झाली, तेव्हा फिनलंड स्वीडनच्या राज्यात होते. राजा नववा कार्ल याने नदीमुखाजवळच्या किल्ल्याच्या आश्रयाने हे गाव वसवले. तो किल्ला १७९३ मध्ये दारूकोठारावर वीज पडून उडाला. आज उरलेल्या तळघरावर १८७५ सालची एक लाकडी इमारत उभी आहे आणि तिच्यात उन्हाळी कॅफे चालतो.

औलूला पैसा दिला तो डांबराने. हे डांबर खनिज नव्हे, पाइनच्या लाकडापासून काढलेले. उभ्या झाडाची साल टप्प्याटप्प्याने काही वर्षे सोलत ठेवली की जखमेवर राळ साचते. मग झाड तोडून, लाकूड चिरून, उतारावर खोदलेल्या भट्टीत रचायचे, वर हिरवळीसकट मातीचा थर द्यायचा आणि ते दिवसेंदिवस धुमसत ठेवायचे. तळाशी घातलेल्या नळीतून काळे डांबर पिंपात उतरते. कायनू प्रांतातले शेतकरी लांब, अरुंद, लवचिक होड्यांत वीस-पंचवीस पिंपे घालून ती नदीच्या उसळत्या धावांतून औलूला आणत. धोक्याच्या पट्ट्यांत सुकाणू धरायला वाकबगार वाटाडे असत. लाकडी जहाजांच्या काळात सांधे आणि दोरखंड डांबराशिवाय टिकत नसत, त्यामुळे एकोणिसाव्या शतकात औलू डांबराच्या निर्यातीचे जगातले एक प्रमुख बंदर बनले. क्रिमियाच्या युद्धात, १८५४ मध्ये, ब्रिटिश आरमाराने येथली गोदामे आणि जहाजे जाळली. गंमत म्हणजे त्या डांबराचे मोठे गिऱ्हाईक ब्रिटनच होते. पुढे लोखंडी जहाजे आली आणि धंदा ओसरला. शहराजवळच्या तुर्कानसारी बेटावरील खुल्या संग्रहालयात जुन्या पद्धतीची भट्टी पाहता येते. डांबराच्या वासाची गोळी आणि आइस्क्रीमही शहरात मिळते. ती चव प्रत्येकाला मानवेलच असे नाही.

१८२२ च्या आगीत लाकडी शहर जवळजवळ सगळे जळाले. नंतरची आखणी सरळ रस्त्यांची, आणि कॅथीड्रल कार्ल लुडविग एंगेल या हेलसिंकी घडवणाऱ्या वास्तुकाराच्या हातचे, १८३२ मध्ये पूर्ण झालेले. पाण्याकाठी बाजारचौक आहे. तेथली लाल रंगाची लाकडी कोठारे आज दुकाने आणि उपाहारगृहे झाली आहेत. शेजारी १९०१ ची बाजारइमारत आणि चौकात गुटगुटीत पोलिसाचा ब्राँझचा पुतळा. जवळचा पूल ओलांडला की पिकिसारी हे जुन्या लाकडी घरांचे बेट लागते. वास्तुकलेची आवड असणाऱ्याने तोप्पिला भागात जाऊन आल्वार आल्टो यांनी १९३१ मध्ये आखलेला लगदा कारखान्याचा काँक्रीटचा साठवण-मनोरा जरूर पाहावा.

येथला समुद्र मात्र भारतीय प्रवाशाला कोड्यात टाकतो. नद्यांचे पाणी सतत येते आणि अटलांटिकचे येथवर फारसे पोचत नाही, त्यामुळे मिठाचे प्रमाण महासागराच्या जेमतेम दहाव्या हिश्शाइतके. नदीतले पाइक आणि पर्च मासे समुद्रातही सापडतात. कोकणात भरती-ओहोटीच्या वेळा पाहून होडी काढतात. औलूत भरती-ओहोटी जवळजवळ नाहीच, पाणी चढते-उतरते ते वाऱ्याने. शिवाय जमीन वर येत आहे. हिमयुगात काही किलोमीटर जाडीच्या बर्फाने दाबलेले भूकवच, बर्फ वितळून हजारो वर्षे झाली तरी, अजून सावरते आहे. या किनाऱ्यावर हा उठाव शतकाला सुमारे पाऊण मीटर पडतो. खाड्या उथळ होतात, बंदर समुद्राकडे सरकवावे लागते, आणि आजोबांच्या नौकेचा धक्का नातवाच्या काळी गवतात दिसतो.

या उठावातून काही बेटे जोडली जाऊन हाइलुओतो तयार झाले. वाळूचे पट्टे, पाइनची राने, पक्षी, आणि पश्चिम टोकाला मार्यानिएमी येथे १८७१ चा दीपस्तंभ: बेट सपाट आणि निवांत आहे. तेथे जायला आजवर अर्ध्या तासाची मोफत फेरीबोट होती. कडक हिवाळ्यात गोठलेल्या समुद्रावरून सुमारे दहा किलोमीटरचा अधिकृत रस्ताही खुला होई. त्यावर गाड्यांनी अंतर राखायचे, थांबायचे नाही, पुढच्याला मागे टाकायचे नाही, कारण चालत्या गाडीच्या वजनाने बर्फाखाली लाट उठते. आता बांध आणि पुलांचा कायमचा रस्ता बांधायला घेतला असल्याने निघण्यापूर्वी चौकशी करावी.

कोणत्या ऋतूत जावे, हा प्रश्न येथे हवामानापेक्षा उजेडाचा आहे. जूनच्या अखेरीस सूर्य मध्यरात्रीच्या सुमारास मावळतो आणि दोन-अडीच तासांत पुन्हा उगवतो. मधल्या वेळेत काळोख पडतच नाही. डिसेंबरात दिवस साडेतीन-चार तासांचा. जुलैत सरासरी तापमान सतरा अंशांच्या आसपास, जानेवारी-फेब्रुवारीत उणे दहाच्या, आणि एखादी लाट उणे तीसपर्यंतही नेते. नल्लिकारीची वाळूची चौपाटी उन्हाळ्यात पोहणाऱ्यांनी भरते. हिवाळ्यात तेथून गोठलेल्या समुद्रावर लोक स्की घालून निघतात. पहिल्यांदाच जाणाऱ्यासाठी मार्च उत्तम: बर्फ घट्ट, आकाश बरेचदा निरभ्र, दिवस लांबलेला, आणि रात्री ध्रुवीय प्रकाश दिसण्याची शक्यताही शिल्लक.

हिवाळ्यातही औलूकर सायकलच चालवतात. शहरात नऊशे किलोमीटरहून अधिक सायकलमार्ग आहेत, मोटारींच्या रस्त्यांपासून वेगळे, चौकांत भुयारी वाटांनी खालून नेलेले. ही आखणी १९७०च्या दशकापासून चिकाटीने होत आली. बर्फ खरवडून डांबरापर्यंत नेत नाहीत. तो दाबून सपाट करतात आणि वर खडी टाकतात, म्हणजे चाक घसरत नाही. महत्त्वाचे मार्ग कचेऱ्या उघडण्याआधी साफ होतात. हिवाळी सायकलिंगची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद २०१३ मध्ये येथेच भरली. परक्याला यात साहस दिसते, शाळकरी मुलांना ती रोजची वाट.

बाकी औलू विद्यापीठाचे आणि तंत्रज्ञानाचे शहर. विद्यापीठ १९५८चे, नोकियाच्या भरभराटीत येथे हजारो अभियंते होते आणि बिनतारी संपर्काचे संशोधन आजही चालते. चामड्याच्या जुन्या कारखान्यात १९८८ मध्ये तिएतोमा हे विज्ञान केंद्र सुरू झाले. नसलेली गिटार वाजवण्याची जागतिक स्पर्धा १९९६ पासून येथे भरते, आणि २०२६ साठी स्लोव्हाकियातील ट्रेन्चीनसोबत औलूला युरोपची सांस्कृतिक राजधानी म्हणून निवडण्यात आले.

खाण्यात सामन माशाचे दुधाळ सूप, बार्लीची पातळ रिएस्का भाकरी, आणि क्लाउडबेरीच्या मुरंब्याबरोबर खायचे भाजके चीज हे ठळक. रक्ताच्या सॉसेजचे आणि बटाट्याचे रोस्सीपोत्तू हे खास औलूचे. शाकाहाऱ्याला भाताची खीर भरलेली राईची करेलियन कचोरी कोठेही मिळते. सॉना चुकवू नये. युनेस्कोने २०२० मध्ये फिनलंडच्या सॉना-संस्कृतीला वारशाच्या यादीत स्थान दिले. सार्वजनिक सॉनात आधी अंघोळ करून शिरायचे, आवाज बेताचा ठेवायचा.

हेलसिंकीहून रेल्वेने सहा तासांच्या आसपास, विमानाने तासाभरात औलू गाठता येते. भारतीय पासपोर्टला शेंगेन व्हिसा लागतो. चलन युरो, नळाचे पाणी पिण्याजोगे, बक्षिशी देण्याची प्रथा नाही. शहरासाठी दोन दिवस आणि हाइलुओतोसाठी एक, असे तीन दिवस ठेवावेत. रोव्हानिएमीला जाताना दोन गाड्यांच्या मध्ये उरकण्याचे हे ठिकाण नव्हे.