गोठल्यावर प्राण उरतो काय?

वर्धा जिल्ह्यांतील आष्टी येथें वैशाखांत पारा पंचेचाळीस अंशांच्या घरांत जातो. तेथें गोठण्याचा विषय काढणें अंमळ विनोदाचें वाटेल. परंतु आष्टी, आर्वी, कारंजा हा टापू म्हणजे पांढऱ्या, चपळ गवळाऊ जनावरांचें माहेरघर. ज्या वळूचा देह केव्हांच मातीस मिळाला, त्याचें वासरूं आज गोठ्यांत बागडूं शकतें, तें गोठविण्याच्या विद्येमुळेंच.

सबंध बैल गोठविला तर तो मरतो, यांत संशय नाहीं. खरा वैरी थंडी नव्हे, पाणी. पेशींतील पाण्याचे स्फटिक बनून तिचें नाजूक आवरण भेदतात. बर्फ पेशीबाहेर धरला तरी तो आंतील पाणी ओढून घेतो आणि मागें दाट झालेले क्षार मारक ठरतात. उत्तर अमेरिकेंतील एका रानबेडकास यांतून वाट सांपडली आहे. हिवाळ्यांत त्याच्या अंगांतील सुमारें दोन-तृतीयांश पाण्याचा बर्फ होतो, हृदय थांबतें; पण यकृतांतून सुटलेली साखर पेशींस सांभाळते आणि वसंतांत तो पुन्हां उड्या मारूं लागतो. बैलाजवळ ही युक्ति नाहीं, आणि एवढ्या मोठ्या देहांत ती बाहेरून घालणेंहि कोणास साधलेलें नाहीं.

सुट्या पेशींचें मात्र साधलें, आणि तेंहि एका चुकीनें. लंडनमधील पोल्ज, स्मिथ व पार्क्स हे कोंबड्याचें वीर्य फलशर्करेंत गोठवून पाहत होते. एकदां अकस्मात् यश आलें. बाटली तपासली, तों चिठ्ठी शर्करेची आणि आंत ग्लिसरीन! हा शोध १९४९ सालीं प्रसिद्ध झाला.

पुण्याजवळील उरुळी कांचन येथें मणिभाई देसाई यांनीं १९६७ सालीं स्थापिलेल्या बाएफ संस्थेनें ही विद्या खेड्यापाड्यांत नेली. पाव मिलिलिटरची बारीक नळी द्रव नायट्रोजनांत, उणें १९६ अंशांवर, बुडविलेली असते. तेथें पेशीचे सारे व्यवहार थांबतात. वर्षें मोजण्याचें कारणच उरत नाहीं. संकर आणि ट्रॅक्टर यांच्या काळांत शुद्ध गवळाऊ वळू विरळ होत असतां ही नळी मोलाची खरी. पण ती ठेवलें तेवढेंच परत देते. हलका वळू निवडला, तर हलकेपणाच टिकेल.

शिवाय नायट्रोजन सतत उडत असतो. पात्रांतील पातळी उतरली आणि नळी एकदां वितळून पुन्हां गोठली, तर वीर्य निकामी होतें. नळी मात्र पूर्वीसारखीच दिसते. ती चूक गोपालकास कळते सुमारें एकवीस दिवसांनीं, गाय पुन्हां माजावर आल्यावर.