जुन्या मोटारीला नवा रंग : खर्च कोठे वाचवावा, कोठे वाचवू नये

मारुती ८०० चे उत्पादन जानेवारी २०१४ मध्ये थांबले. अँबेसेडर त्याच वर्षीच्या मे महिन्यात बंद झाली आणि ओम्नी २०१९ साली. तरी या गाड्या आपल्या रस्त्यांवर अजून दिसतात. कापडाचे गठ्ठे, भांड्यांची पोती, बांगड्यांच्या पेट्या घेऊन आठवडी बाजार करणाऱ्या लहान व्यापाऱ्याला नवी गाडी परवडत नाही आणि जुनीचे इंजिन अजून साथ देत असते. कुरकूर असते ती रंगाची. टप फिके पडलेले, बोनेटवर पांढरे चट्टे, दाराच्या खालच्या कडेला गंजाचे फुगे. मग मालक पेंटरकडे जातो आणि एकच प्रश्न विचारतो, "उस्ताद, पूर्ण गाडीचे किती घ्याल?"

आमच्या मते नुकसानीची सुरुवात याच प्रश्नापासून होते. एका आकड्यात सांगितलेल्या भावात काय आहे आणि काय नाही, हे कोणालाच कळत नाही. जो कमी आकडा सांगतो त्याला काम मिळते आणि कमी आकड्यात काम बसवायचे म्हणजे जे डोळ्यांना दिसत नाही ते गाळावे लागते. गाडी दुकानातून निघते तेव्हा चकाकते. एक पावसाळा गेला की दारांखाली फुगे येतात. मालकाचे पैसे बुडतात आणि कारागिराचे नाव जाते. स्वस्तात रंगकाम होऊ शकते, पण काय गाळायचे हे दोघांनी आधी समोरासमोर बसून ठरविले पाहिजे.

रंगाचे पैसे जातात कोठे?

आपला भंडारा पितळेच्या भांड्यांसाठी ओळखला जातो. भांडे तापवून, नवसागर लावून साफ केल्याशिवाय कथील धरत नाही, हे कल्हईवाल्याला सांगावे लागत नाही. मोटारीच्या पत्र्याचे तसेच आहे. मारुती ८०० एवढ्या गाडीला बाहेरून द्यायला दोन-तीन लिटर रंग पुरतो. रंग फवारायला अर्धा दिवस लागतो. बाकीचे दिवस जातात ते बंपर, दिवे, रबरे, हँडले काढण्यात, ठोकाईत, गंज काढण्यात, पुट्टी भरण्यात आणि घासाईत. एक उस्ताद आणि एक शागीर्द यांना चांगल्या कामासाठी आठ-दहा दिवस सहज लागतात. म्हणजे गिऱ्हाईक ज्याला रंगाचे पैसे म्हणतो ते मुख्यतः मजुरीचे पैसे असतात. रंगाचा डबा हलका घेऊन जे वाचते त्यापेक्षा मजुरीचे दिवस शहाणपणाने कमी करून जास्त वाचते.

आधी दोन गोष्टी पाहाव्यात

पहिली गोष्ट कागदपत्रांची. खासगी मोटारीची नोंदणी १५ वर्षांची असते, त्यानंतर ती दर पाच वर्षांनी वाढवून घ्यावी लागते. या पुनर्नोंदणीचे शुल्क १ एप्रिल २०२२ पासून ६०० रुपयांवरून ५,००० रुपये झाले आणि ऑगस्ट २०२५ मध्ये २० वर्षांवरील मोटारींसाठी ते १०,००० रुपये करण्यात आले. त्याशिवाय महाराष्ट्रात जुन्या गाड्यांवर पर्यावरण कर आहे. नोंदणी संपायला सहा महिने उरले असतील तर आधी गाडी तपासणीत पास होईल काय, हे मेकॅनिकला विचारावे आणि मगच रंगाचा विचार करावा. विक्रीसाठी गाडी रंगवीत असाल तर एवढे ध्यानात ठेवा की रंगाचा पूर्ण खर्च किंमतीत क्वचितच परत मिळतो. उलट पूर्ण रंगविलेली जुनी गाडी पाहून घेणाऱ्याला अपघाताची शंका येते. म्हणून काम चालू असताना उघड्या पत्र्याचे फोटो काढून ठेवावेत.

दुसरी गोष्ट, गाडीला खरोखर रंग हवा आहे काय? पुष्कळदा रंग मेलेला नसतो, वरचा पातळ थर उन्हाने जळलेला असतो. गाडी साबणाने धुऊन एका दारावर हातभर जागेत रबिंग कंपाउंड मारून पाहावे. चमक परत आली तर सबंध गाडीला पॉलिश करून काम भागते. टप, बोनेट आणि डिकी यांना ऊन सरळ लागते, म्हणून तेवढेच भाग रंगवून बाजू पॉलिशवर ठेवणे हाही एक मार्ग आहे. मात्र जुना पांढरा रंग पिवळसर झालेला असतो, तेव्हा नव्या रंगाची छटा बाजूंशी जुळवून घ्यावी लागते.

कोठे वाचवावे

मूळ रंगच ठेवावा. रंग बदलला की दारांच्या आतल्या कडा, बोनेटखालची जागा, डिकीची आतली बाजू हे सगळे रंगवावे लागते आणि मजुरी फार वाढते. शिवाय नोंदणी पुस्तकात गाडीचा रंग लिहिलेला असतो, त्यामुळे बदलाची नोंद परिवहन कार्यालयात करावी लागते आणि विमा कंपनीलाही कळवावे लागते. लष्करी गाड्यांचा ऑलिव्ह हिरवा रंग तर १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणे खासगी गाडीला देताच येत नाही.

साधा सॉलिड रंग घ्यावा. मेटॅलिक रंगाला आधी बेस आणि त्यावर क्लिअर असे दोन वेगळे माल लागतात. पुढे एखादा ओरखडा निघाला तर तेवढ्याच जागी जोड लावणेही अवघड जाते. आपल्याकडे वैशाखात पारा ४५ अंशांवर जातो. अशा उन्हात पांढरी गाडी कमी तापते आणि तिचे फिकेपणही कमी दिसते.

जुना रंग घट्ट असेल तर पत्र्यापर्यंत खरवडू नये. परीक्षा सोपी आहे. आतल्या बाजूला लपलेल्या जागी थिनरमध्ये भिजविलेली चिंधी मिनिटभर दाबून धरावी. रंग मऊ होऊन चिंधीला लागला तर तो एनसी किंवा सिंथेटिक आहे. त्यावर कडक थिनरचा रंग बसविल्यास सुरकुत्या येतात, म्हणून तो काढावा लागतो किंवा मध्ये योग्य सीलर द्यावा लागतो. चिंधी कोरी राहिली आणि रंगाला तडे नसतील तर ४०० ते ६०० नंबरच्या वॉटर पेपरने एकसारखे घासून त्यावरच काम करता येते. यात दोन-तीन दिवसांची मजुरी वाचते.

सुटे भाग काढणे-लावणे मालकाने स्वतः करावे. ज्याला स्क्रू-पान्याची सवय आहे त्याने बंपर, दिवे, वायपर, आरसे, पट्ट्या काढून, स्क्रू वेगवेगळ्या डब्यांत ठेवून, गाडी धुऊन दुकानात न्यावी. मजुरी वाचतेच, शिवाय काम अधिक सफाईचे होते, कारण रबरांच्या कडेला टेप लावून मारलेला रंग तेथूनच उकलू लागतो.

कोठे वाचवू नये

गंजावर मुळीच वाचवू नये. दारांचा तळ, चाकांवरच्या कमानी, पायदानाखालचा पत्रा, बॅटरीची बैठक आणि समोरच्या काचेचे रबर या पाच जागी आधी पाहावे. एक लहान लोहचुंबक पातळ फडक्यात गुंडाळून पत्र्यावर फिरवावे. जेथे तो धरत नाही तेथे खाली पुट्टीचा जाड थर आहे असे समजावे. भोक पडलेल्या पत्र्यावर पुट्टी थापणे म्हणजे पैसे पाण्यात घालणे आहे, कारण ओल मागच्या बाजूने येते. तेथला सडका पत्रा कापून नवा तुकडा वेल्डिंगने बसविला पाहिजे. पुट्टीचा थर दोन-तीन मिलिमीटरच्या वर जाऊ नये आणि उघड्या लोखंडावर इपॉक्सी प्रायमर द्यावा. रंग सहा महिन्यांनी दिला तरी चालेल, पण गंज आज थांबविला पाहिजे. पैसे अगदीच कमी असतील तर या वर्षी फक्त पत्र्याचे काम आणि प्रायमर, पुढच्या वर्षी रंग, असा क्रम ठेवावा. मात्र ज्या प्रायमरमध्ये ओल झिरपते तो पावसात उघडा ठेवू नये. वर निदान स्वस्त रंगाचा एक हात द्यावा, पण तो पुढे चढणाऱ्या रंगाशी जुळणारा असावा.

रंगाच्या जातीतही फार हलके जाऊ नये. १९२० च्या दशकात अमेरिकेतील ड्युपाँट कंपनीने मोटारींसाठी 'ड्युको' नावाचा झटपट वाळणारा नायट्रोसेल्युलोज रंग आणला. त्याआधी गाडीचा रंग वाळण्यातच आठवडे जात. आपल्या दुकानांत अजून रंगकामाला 'डुको' म्हणतात ते त्यावरूनच. हाच एनसी रंग. तो लवकर वाळतो, पण त्याला घासून चमक आणावी लागते आणि उन्हात ती लवकर जाते. सिंथेटिक इनॅमल सर्वांत स्वस्त, पण वाळायला वेळ घेतो, तोवर धूळ बसते. हार्डनर मिसळून देण्याचा टू-के पीयू रंग महाग पडतो, पण ऊन, पेट्रोल आणि धुणे सोसतो. मालवाहू जीपला सिंथेटिक चालून जाईल. जी मोटार पाच वर्षे वापरायची आहे तिला टू-केच द्यावा. थिनर त्याच रंगाच्या कंपनीचा घ्यावा. सुटा, भेसळीचा थिनर चांगला रंगही बिघडवितो.

हवामान पाहून तारीख ठरवावी

भंडारा जिल्ह्यात रंगकामाला पाऊस ओसरल्यानंतरचा काळ आणि हिवाळ्याचे दिवस चांगले. पावसाळ्यात हवेतली ओल रंगात अडकते. एनसी रंग तर पांढुरका पडतो आणि पुट्टी ओल पिऊन पुढे फुगते. मे महिन्यात पत्रा इतका तापतो की रंग बसायच्या आत वाळतो आणि संत्र्याच्या सालीसारखा खरखरीत दिसतो. तेव्हा उन्हाळ्यात काम करावेच लागले तर सकाळी लवकर, सावलीत आणि सावकाश वाळणाऱ्या थिनरने करावे. धान निघण्याच्या दिवसांत राइस मिलच्या शेजारी रंग मारू नये, भुशाचे कण ओल्या रंगावर बसतात. तुमसर तालुक्यात चिखला, डोंगरी बुजुर्गकडे मँगेनीजच्या खाणी आहेत, तेथे काळ्या धुळीचा विचार करावा. ज्यांच्याकडे बंद बूथ नाही त्यांनी प्लॅस्टिकचा पडदा बांधून जमिनीवर पाणी शिंपडले तरी पुष्कळ फरक पडतो. कॉम्प्रेसरच्या टाकीतले पाणी रोज सकाळी सोडावे. पाण्याचा एक थेंब गनमधून आला की सबंध बोनेट पुन्हा घासावे लागते.

कारागिराच्या छातीचा प्रश्न

खर्च कमी करताना सगळ्यात आधी जे गाळले जाते ते मास्क. तोंडाला रुमाल बांधून टू-के रंग मारणारे कारागीर आपण पाहतो. या रंगाच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असते. १९८४ साली भोपाळमध्ये जो वायू सुटला तो मिथाईल आयसोसायनेट होता. हार्डनरमधला पदार्थ तो नव्हे, त्याच्यासारखा तो हवेत झटकन उडतही नाही, पण त्याच कुळातला आहे. गनमधून त्याचे तुषार उडतात आणि श्वासाबरोबर छातीत जातात. त्याने दमा जडू शकतो आणि एकदा शरीराने धसका घेतला की पुढे थोड्याशा वासानेही श्वास कोंडतो. मग हातातला हुन्नर असूनही धंदा सोडावा लागतो. रुमालाने किंवा कापडी मास्कने हे तुषार अडत नाहीत. बाहेरून नळीने स्वच्छ हवा देणारा मास्क सर्वांत चांगला. तो नसेल तर निदान तुषारांच्या गाळणीसह कोळशाच्या डब्यांचा, चेहऱ्यावर घट्ट बसणारा मास्क वापरावा आणि डबे वेळेवर बदलावेत. जुन्या पिवळ्या व लाल रंगांत शिसे असू शकते, म्हणून तो रंग कोरडा न घासता पाणी लावून घासावा. शागीर्द पोरांना फवाऱ्याच्या वेळी आत उभे करू नये. थिनरच्या जवळ विडी आणि वेल्डिंग दोन्ही नको.

मालकांना आमचे सांगणे की हा मास्क कारागिराची चैन नव्हे, तुमच्या कामाचाच खर्च आहे. भावात घासाघीस करताना तो कापू नका.

भाव कसा लिहावा

शेवटी व्यवहाराची गोष्ट. पेंटर बंधूंनी एक आकडा सांगण्याऐवजी साध्या कागदावर पाच रकाने लिहावेत : सुटे भाग काढणे-लावणे, ठोकाई व पत्रा, पुट्टी-प्रायमर-घासाई, रंग-हार्डनर-थिनर, आणि पॉलिश. प्रत्येकापुढे दिवस व रक्कम लिहावी. रंगाची जात, कंपनी आणि किती हात देणार हेही लिहावे. मालाचे पैसे आगाऊ घ्यावेत, मजुरी कामाच्या टप्प्यांप्रमाणे घ्यावी. जुना रंग काढल्यावर आत नवा गंज निघाला तर काम थांबवून मालकाला दाखवावे आणि मगच वाढीव खर्च लिहावा. रंगाचा डबा त्याच्यासमोर उघडावा आणि उरलेला रंग छटेच्या नंबरासह त्याच्या स्वाधीन करावा, पुढे ओरखडा पडला तर तो कामी येतो.

गिऱ्हाइकाकडे पैसे कमी असतील तर कागदावरचा एखादा रकाना तो स्वतः करील, एखादा पुढच्या वर्षावर टाकील. पण काय सोडले हे त्याला ठाऊक असेल. असा कागद देणाऱ्याला सुरुवातीला चार गिऱ्हाइके कमी मिळतील, हे आम्ही नाकारत नाही. परंतु त्याची गाडी दोन पावसाळे काढून त्याच्या दारावरून जाते, तेव्हा पाहणारा विचारतो की हे काम कोणाचे. नागपूर ६० किलोमीटरवर आहे आणि तेथे मोठ्या वर्कशॉपांना तोटा नाही. आपल्या गावच्या गिऱ्हाइकाने तिकडे न जाता आपल्याकडेच यावे, असे वाटत असेल तर हाच रस्ता आम्हाला दिसतो.