चाके थांबवण्याची घटका

5 ऑक्टोबर 2024 रोजी, शनिवारी, मेक्सिकोच्या आखातात ‘मिल्टन’ या वादळाचे नामकरण झाले, तेव्हा जेमतेम नऊ दिवसांपूर्वीच्या ‘हेलीन’ने बुडवलेल्या घरांतून बाहेर काढलेल्या भिजक्या गाद्या, कपाटे आणि भिंतींचे तुकडे यांचे ढीग फ्लॉरिडाच्या पश्चिम किनाऱ्यावर रस्तोरस्ती पडून होते, आणि त्यांतील प्रत्येक फळकूट नव्या वाऱ्यात अस्त्रासारखे उडेल या भयाने ते उचलणाऱ्या मालमोटारी अहोरात्र धावू लागल्या. अशा वेळी टँपा परिसरातील एखाद्या मालवाहतूक पेढीत नुसती पळापळ चालली असेल, अशी आपली कल्पना असते. वस्तुतः तेथील सर्वांत कठीण काम बैठे आणि हिशेबाचे असते: शेवटची गाडी किती वाजेपर्यंत सोडायची आणि त्यानंतर कोणीही कितीही गळ घातली तरी नाही कसे म्हणायचे, हे ठरवण्याचे.

हा हिशेब उलट्या दिशेने मांडावा लागतो. मायामी येथील राष्ट्रीय तुफान केंद्र दर सहा तासांनी आपले निवेदन प्रसिद्ध करते, किनाऱ्याला इशारा लागू असल्यास मधल्या वेळीही करते. मात्र त्याचा तुफानी इशारा प्रत्यक्ष तुफानाच्या घटकेशी बांधलेला नसून, ताशी 63 किलोमीटरचा वारा किनाऱ्याला लागण्याच्या अपेक्षित वेळेआधी 36 तास, एवढी त्याची मुदत असते. कारण तेवढा वारा सुटल्यावर बाहेरची कोणतीही तजवीज जोखमीची होते. टँपाच्या उपसागरावरील सनशाइन स्कायवे हा उंच पूलही साधारण तेवढ्याच वाऱ्यात बंद करतात. म्हणून डिस्पॅचर, म्हणजे गाड्यांची रवानगी पाहणारा माणूस, वाऱ्याच्या त्या वेळेतून परतीचा प्रवास वजा करतो, माल उतरवण्याचा अवधी वजा करतो, आणि मग त्याच्यासमोर कायदा उभा राहतो: चालकाने दहा तास विश्रांती घेतल्यानंतरच्या चौदा तासांच्या अवधीत अकराच तास गाडी चालवावी. घरेदारे सोडून उत्तरेकडे निघालेल्या मोटारींनी पंचाहत्तर क्रमांकाचा आंतरराज्य महामार्ग तुंबला, म्हणून ते घड्याळ थांबत नाही. आणि गाडीतले नोंदयंत्र भिडेखातर एक मिनिटही खोडत नाही. नियम मोडून गाडी हाकण्यासाठी चालकावर दबाव आणण्यास मालधन्याला आणि पेढीला कायद्याने मनाई आहे, तरी दुकानात पाण्याच्या बाटल्यांचा खडखडाट झालेला मालधनी दूरध्वनीवर जी आर्जवे करतो ती मोडून काढण्यास कायद्याहून अधिक काही लागते. मला तर या धंद्यातले खरे धैर्य चालकाच्या आसनापेक्षा त्या दूरध्वनीपाशीच अधिक दिसते.

एवढ्या सावधगिरीचे कारण आगारात गेल्यावर उमगते. भरलेली गाडी छत्तीस टनांपर्यंत भरते आणि ती वाऱ्याला पुष्कळ दाद देत नाही. भय असते ते रिकामीचे. सुमारे सोळा मीटर लांब आणि चार मीटर उंचीला पोहोचणारी पत्र्याची पेटी, वजन निम्म्याहूनही कमी, आणि आडवा वारा दुप्पट झाला की त्याचा रेटा चौपट! म्हणून आगारात रिकामे ट्रेलर एकमेकांना अगदी खेटून, दारे दुसऱ्याच्या दारांना किंवा भिंतीला टेकवून उभे करतात आणि भरलेले बाहेरच्या बाजूस, वाऱ्याच्या तोंडी लावतात. मोकळी पिंपे, लाकडी फळ्या, ताडपत्र्या आत जातात. ट्रॅक्टर, म्हणजे ओढणारी इंजिने, ही खरी किमती चीज. त्यांच्या टाक्या काठोकाठ भरून ती आतल्या उंच भागाकडे रवाना होतात, कारण वीज गेली की पंपही मुका होतो. आगाराखालची डिझेलची टाकीसुद्धा भरून ठेवतात आणि त्यामागे इंधनटंचाईखेरीज आणखी एक शहाणपण आहे: भुई पाण्याने तुडुंब झाली की रिकामी टाकी माती आणि फरसबंदी फोडून चक्क वर तरंगून येते.

इतके करूनही निसर्ग हिशेबाबाहेरची रक्कम मांडतोच. सोमवारी, 7 तारखेला, मिल्टनचा वारा ताशी 285 किलोमीटरवर गेला आणि टँपाच्या उपसागरात समुद्र घुसणार या धास्तीने लोकांनी किनारा सोडला. पण बुधवारी रात्री वादळ टँपाच्या दक्षिणेस, सिएस्टा की येथे भूमीवर चढले, त्यामुळे उपसागराचे पाणी आत येण्याऐवजी बाहेर ओढले गेले, आणि संकट आले ते आकाशातून. मुसळधार पावसाने आतल्या भागातील हिल्सबरो आणि अलाफिया या नद्या पात्राबाहेर पडल्या. समुद्रापासून दूर नेलेली गाडी पाण्यापासून दूर गेलीच असे नव्हे, एवढे ज्याने नकाशात आधी पाहिले त्याची इंजिने कोरडी राहिली.

वादळ सरले की हाच धंदा उलट्या अंगाने सुरू होतो. फ्लॉरिडात तेलशुद्धीकरणाचा कारखाना नाही, आखाताकडून येणारी इंधनवाहिनी नाही. तेल जहाजाने बंदरात उतरते आणि तेथून टँकरनेच पंपांवर जाते, त्यामुळे बंदर आणि टँकर यांची गाठ पडेपर्यंत सारा प्रांत अडून बसतो. सरकार आणीबाणीचे फर्मान काढून चालकांच्या तासांची मर्यादा शिथिल करते, परंतु संघराज्याची ही सवलत प्रत्यक्ष मदतकार्याच्या खेपांनाच मिळते. पाणी, जनित्रे, छपरांवर घालायच्या निळ्या ताडपत्र्या नेणाऱ्यास ती लागू, त्याच रस्त्याने बैठकखान्याचा कोच नेणाऱ्यास नाही. भाडी चढतात आणि पेढ्यांनी आपत्तीत हात धुऊन घेतले अशी ओरड होते. क्वचित ती खरीही असते. पण उद्ध्वस्त मुलखातून परत आणण्याजोगा माल बहुधा नसतो; शेकडो मैलांची परतीची फेरी रिकामी पडते, आणि तिचे डिझेल व चालकाचा रोज जातानाच्याच भाड्यात धरावा लागतो, हे संतापलेल्या गिऱ्हाइकाला दहादा समजावून सांगण्याची जबाबदारी पुन्हा त्या डिस्पॅचरवरच येते.