ऑनलाइन पत्त्यांचे खेळ आणि दुरुस्तीची वेळ

पत्त्यांचा जोड घरांत दिसला कीं वडील मंडळींच्या कपाळास आंठी पडते. तो मोबाइलच्या पडद्यावर दिसला तर मग विचारावयासच नको. म्हणून पालकवर्गाच्या समाधानार्थ आरंभींच सांगितलें पाहिजे कीं, या लेखांत आम्ही ज्या खेळांचा विचार करणार आहों ते पैसे लावून खेळावयाच्या रमीसारखे नव्हत. तसल्या खेळांस बंदी करणारा कायदा आपल्या संसदेनें २०२५ च्या ऑगस्टमध्यें संमत केला, व तो योग्यच झाला असें आमचें मत आहे. आमचा विषय निराळा आहे. कांहीं खेळांत शेंकडों भिन्न भिन्न पानें असतात, प्रत्येकावर त्याचा गुण व त्याचा खर्च लिहिलेला असतो, आणि त्यांतून निवड करून जो तो आपला जोड स्वतः बांधतो. अशा खेळांचे नियम केव्हां बदलावे, हा प्रश्न वाटतो त्यापेक्षां पुष्कळ गहन आहे.

मेंढीकोट किंवा झब्बू खेळतांना बावन्न पानें सर्वांस सारखींच असतात. एक्का बलवान आहे म्हणून कोणी तक्रार करीत नाहीं, कारण तो आज तुमच्या हातीं, तर उद्यां आमच्या हातीं येणारच. वर सांगितलेल्या खेळांत तशी सोय नाहीं. तेथें एखादें पान प्रमाणाबाहेर बलवान निघालें तर शहाणा खेळाडू तेंच घेणार, आणि त्याचा प्रतिस्पर्धीही तेंच घेणार. मग बाकीचीं शेंकडों पानें असून नसल्यासारखीं होतात, व डावामागून डाव एकाच साच्याचे होऊं लागतात. अशा वेळीं खेळ निर्माण करणाऱ्या मंडळीस मध्यें पडावें लागतें. या मध्यें पडण्यास आम्ही ‘समतोल-दुरुस्ती’ असें नांव देतों.

छापील पानावरची शाई एकदां वाळली कीं तें पान बदलतां येत नाहीं. ‘मॅजिक: द गॅदरिंग’ हा या वर्गांतील आद्य खेळ रिचर्ड गारफील्ड या अमेरिकन गणितज्ञानें रचला व तो १९९३ सालीं बाहेर पडला. त्यांत पान डोईजड झालें तर स्पर्धांत तें वापरण्यास बंदी घालणें हाच मुख्य उपाय. पडद्यावरच्या पानाची गोष्ट वेगळी. २०१४ सालीं निघालेल्या ‘हार्थस्टोन’ या खेळाचीं पानें केवळ पडद्यावरचींच असल्यामुळें त्यांवरील अंक वा वाक्य रातोरात बदलतां येतें. आज चार स्फटिक खर्चून टाकतां येणारें पान उद्यां पांच स्फटिकांचें होतें. परंतु जें केव्हांही करतां येतें तें नेमकें केव्हां करावें, हा प्रश्न या सोयीमुळेंच कठीण होऊन बसला आहे.

या खेळांची क्रमवारी बहुधा महिन्यामहिन्यानें चालते. एका महिन्याचा तो एक हंगाम. आरंभीं जो तो खालच्या पायरीवरून चढूं लागतो, आणि शेवटीं गांठलेल्या पायरीप्रमाणें बक्षीस मिळतें. कांहीं वर्षें तर हार्थस्टोनच्या मासिक क्रमवारींतील वरच्या जागांस मोठ्या स्पर्धांच्या प्रवेशाकरितां गुण मिळत असत. आतां महिन्याच्या पंचवीस तारखेस एखादें पान दुबळें केलें असें समजा. ज्यानें त्या पानाच्या जोरावर आधींच वरची पायरी गांठली तो तेथेंच राहिला. ज्यास शाळेच्या परीक्षेमुळें उशिरां आरंभ करावा लागला तो त्या बळास मुकला. अर्ध्या वर्गाचा पेपर झाल्यावर उरलेल्या मुलांकरितां पुस्तक बदलावें, त्यांतलाच हा प्रकार.

मोठ्या स्पर्धेच्या बाबतींत ही अडचण किती बिकट होते याचें उत्तम उदाहरण २०१९ सालीं घडलें. मॅजिक पडद्यावर खेळण्याची ‘अरीना’ नांवाची सोय त्या वर्षींच्या सप्टेंबरांत पूर्ण स्वरूपांत सुरू झाली. लागलीच ‘थ्रोन ऑफ एल्ड्रेन’ नांवाचा नवा संच आला; छापील रूपांत तो ४ ऑक्टोबर रोजीं विक्रीस निघाला. आणि कॅलिफोर्नियांतील लाँग बीच येथें अरीनावरील मोठी स्पर्धा १८ ते २० ऑक्टोबर या दिवसांत ठेविलेली होती. मध्यें अवघे दोन आठवडे! त्या स्पर्धेंत ‘फील्ड ऑफ द डेड’ या पानावर उभारलेले जोड सर्वांत अधिक आले. हें पान म्हणजे एक जमीन. खेळाडूपाशीं निरनिराळ्या नांवांच्या सात जमिनी झाल्या कीं पुढें येणाऱ्या प्रत्येक जमिनीबरोबर एक प्रेत उठून त्याच्या बाजूनें लढावयास उभें राही, आणि त्यास वेगळा खर्च पडत नसे. २० तारखेस स्पर्धा संपली. २१ तारखेस त्या पानावर बंदी जाहीर झाली. गंमत अशी कीं, विजेता हाविएर डोमिंगेझ यानें आपला जोड त्या पानावर उभारलेलाच नव्हता.

पण एवढ्यानें भागलें नाहीं. त्या जमिनीचा धाक दूर होतांच नव्या संचांतील ‘ओको’ हें पान मोकाट सुटलें. ओको थोडक्या खर्चांत पटावर येई, आणि प्रतिस्पर्ध्याचा कितीही पराक्रमी प्राणी असो, त्याचे सर्व गुण हरण करून त्यास एक सामान्य हरिण करून टाकी. स्वतःच्या क्षुल्लक वस्तूचेंही तो तसेंच लढाऊ हरिण बनवी. ८ ते १० नोव्हेंबर रोजीं व्हर्जिनियांतील रिचमंड येथें छापील पानांची मोठी स्पर्धा झाली, तेव्हां निम्म्याहून अधिक खेळाडूंच्या जोडांत ओको होता. १८ नोव्हेंबर रोजीं ओको व त्याच्या जोडीस आणखी दोन पानें यांवर बंदी आली.

दोन्ही वेळां दुरुस्ती स्पर्धेच्या मागून आली, हें लक्षांत घ्यावें. स्पर्धकांच्या दृष्टीनें पाहिलें तर हें न्याय्यच होतें. त्यांनीं आठवडेच्या आठवडे अभ्यास केलेला, आपल्या पानांची यादी आधीं लिहून दिलेली, दूरदूरच्या देशांतून प्रवास केलेला. त्यांच्या पायांखालची जमीन आयत्या वेळीं काढून घेणें बरें नव्हे. परंतु शाळेचा अभ्यास आटोपून रात्रीं अर्धा तास अरीना उघडणाऱ्या मुलाचें काय? त्यास रोज ओको, उद्यांही ओको, आणि परवांही ओकोच. स्पर्धा होती कांहीं शें जणांची, आणि वाट पाहात बसावें लागलें तें सर्वांस.

याच्या उलट टोंकाचें उदाहरण हार्थस्टोनचें आहे. ‘वॉरसाँग कमांडर’ या पानामुळें कमी बळाचे शिपाई आल्याबरोबर हल्ला करूं शकत, व त्यावर एक भयंकर जोड बांधला गेला होता. २०१५ च्या ऑक्टोबरच्या उत्तरार्धांत हा गुण काढून घेण्यांत आला आणि तो जोड जवळजवळ नामशेष झाला. त्या सालच्या विश्वविजेतेपदाचा शेवट नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यांत व्हावयाचा होता. पात्र ठरलेल्या सोळा जणांपैकीं ज्यांनीं कित्येक महिने तो जोड घोटला होता त्यांस नवें पाठांतर करण्यास थोडेच दिवस उरले. अखेर स्वीडनचा ओस्टकाका विजयी झाला. कित्येकांनीं या दुरुस्तीचें स्वागत केलें, कारण प्रेक्षकांस तोच तोच डाव पाहावा लागला नाहीं. आम्हांस मात्र ती वेळ चुकलेली वाटते. पान बदलावयास हवें होतें हें खरें; पण तें उन्हाळ्यांतही बदलतां आलें असतें.

खरी गांठ आमच्या मतें दुरुस्तीच्या तारखेंत नाहींच. ती नव्या संचाच्या तारखेंत आहे. नवा संच दर कांहीं महिन्यांनीं निघतो, त्याच्या विक्रीवर कारखाना चालतो, आणि मोठी स्पर्धा ही त्या संचाची जाहिरात असते. म्हणून स्पर्धा संचाच्या पाठोपाठ ठेवितात. नवें पान किती बलवान आहे हें कळण्यास लोकांनीं लाखों डाव खेळून पाहावे लागतात; आणि बलवान दिसणाऱ्या पानावर खेळाडू स्वतःच तोड काढतात कीं काय, याची वाट पाहण्यासही कांहीं आठवडे द्यावे लागतात. घाईनें दुरुस्ती केली तर जें आपोआप बरें झालें असतें त्यावर शस्त्र चालविल्यासारखें होतें. संच आणि स्पर्धा यांमध्यें दोनच आठवडे ठेविल्यावर दुरुस्तीनें जावें कोठें? महिना-दीड महिना अंतर ठेवून मध्यें दुरुस्तीचा एक दिवस आधींच जाहीर केला, तर स्पर्धक आणि घरीं खेळणारा मुलगा या दोघांचेंही समाधान होईल. मॅजिकच्या चालकांनीं २०२३ सालीं कांहींसें याच धर्तीवर जाहीर केलें कीं, नेहमींच्या स्पर्धांतील बंदीचा मुख्य विचार वर्षांतून एकदां ठरल्या वेळीं व्हावा, आणि नवा संच निघाल्यावर तातडीच्या प्रसंगापुरती तेवढी एक संधि राखावी.

याला अपवाद आहे. पान इतकें प्रबळ निघालें कीं अभ्यासाची गरजच उरली नाहीं, तर थांबण्यांत अर्थ नाहीं. हार्थस्टोनमध्यें २०२० च्या एप्रिलांत ‘डीमन हंटर’ हा नवा वर्ग आला, तेव्हां त्याचीं कांहीं पानें अवघ्या दोनतीन दिवसांत दुबळीं करण्यांत आलीं. तेथें कोणाचें फारसें नुकसान झालें नाहीं, कारण कोणी त्यांवर फार काळ श्रम केलेच नव्हते. २०२२ सालीं निघालेल्या ‘मार्व्हल स्नॅप’ या खेळांत तर खेळाडूस कांहींही उतरवून घ्यावें न लागतां पानांचे अंक बदलण्याची योजना आहे.

पालकांस ज्या गोष्टीची विशेष माहिती हवी ती पैशाची. या खेळांत पानें मिळविण्यास वेळ लागतो, किंवा पैसे मोजावे लागतात. म्हणून दुरुस्ती झालेलें पान मोडून त्याचें पूर्ण मोल परत घेण्याची सवलत हार्थस्टोनमध्यें दिली जाते. ती बहुधा दोन आठवडेच असते व मुदत टळली कीं पुन्हां मिळत नाहीं. अरीनामध्यें ओकोवर बंदी आली तेव्हां तें पान बाळगणाऱ्यांस त्याबदलीं त्याच दर्जाचें दुसरें कोणतेंही पान घेण्याची मुभा मिळाली. भरपाई होते ती मात्र त्या एका पानाची. त्याच्या भोंवतीं जुळविलेलीं, आणि तें गेल्यामुळें निकामी झालेलीं बाकीचीं पानें ज्याचीं त्याजपाशींच राहतात.